साखळीच्या टोकाला थोडेसे फ्लोरिन जोडले, तर मायक्रोकॅप्सूलची रचना एवढी का बदलते?

बेंबळाकाठ | १८ मे, रात्री ९.१०

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि रोज एसटीने तालुक्याच्या महाविद्यालयात जाऊन संशोधनाचे काम करते. विषय पॉलिमरच्या मायक्रोकॅप्सूलचा, म्हणजे आत द्रव कोंडलेल्या अतिसूक्ष्म कुप्यांचा आहे. गेले काही दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझी पद्धत थोडक्यात सांगते. पॉलिलॅक्टिक आम्ल हे पॉलिमर आणि पर्फ्लुरोऑक्टिल ब्रोमाइड हा जड, फ्लोरिनयुक्त द्रव असे दोन्ही डायक्लोरोमिथेन या चटकन उडणाऱ्या द्रावकात विरघळवायचे, ते द्रावण पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घातलेल्या पाण्यात जोराने घुसळायचे आणि मग डायक्लोरोमिथेन उडून जाऊ द्यायचे. ते उडत गेले की थेंबाच्या आत पॉलिमर आणि फ्लोरिनयुक्त द्रव वेगळे होतात. सारे मनासारखे झाले, तर द्रव मध्ये राहतो आणि पॉलिमरचे कवच त्याच्याभोवती बसते.

माझ्याकडे दोन पॉलिमर आहेत. दोघांचेही रेणुभार सुमारे २०,०००. एकाच्या टोकाला साधी हायड्रोकार्बनची शेपटी आहे, दुसऱ्याच्या टोकाला आठ फ्लोरिनयुक्त कार्बनांची. या दुसऱ्या शेपटीसाठी वापरलेल्या अल्कोहोलचा रेणुभार ४६४ आहे, म्हणजे पूर्ण साखळीच्या वजनात तिचा वाटा जेमतेम २.३ टक्के. साखळीत लॅक्टिक आम्लाचे सुमारे २७० दुवे आणि शेवटी ही एवढीशी शेपटी.

तरीही सूक्ष्मदर्शकाखाली दोन वेगळी जगे दिसतात. साध्या टोकाच्या पॉलिमरमध्ये द्रवाचा थेंब एका बाजूला निसटलेला असतो आणि पॉलिमरचा गोळा त्याला चिकटून बसलेला असतो. बिब्ब्याच्या पिवळ्या बोंडाला टोकाशी काळा बिब्बा चिकटलेला असतो, अगदी तसे. फ्लोरिनच्या टोकाच्या पॉलिमरमध्ये मात्र गाभा मध्यभागी आणि कवच चहूबाजूंनी. त्या कवचावर बारीक खड्डे आणि भोकेही दिसतात, ती साध्या पॉलिमरमध्ये नव्हती.

"गाभ्याला फ्लोरिन आवडते" एवढे उत्तर मला मार्गदर्शकांकडून मिळाले आहे. ते चूक नसेल, पण दोन टक्क्यांनी एवढा फरक पडावा हे त्यातून कळत नाही.

तर्री | १८ मे, रात्री ९.३२

ताई, सावजीच्या वाटीत रस्सा किती आणि वरची तर्री किती हे कधी मोजले आहे का? तर्री चमचाभरच असते, पण वाटीचा रंग, वास आणि खाणाऱ्याचे डोळे यांचा निकाल तीच लावते.

निवृत्त_मास्तर | १८ मे, रात्री १०.१५

तर्री यांनी विनोद केला असला तरी बोट नेमक्या जागी ठेवले आहे. जे पृष्ठभागावर जाते, त्याचे वजन विचारायचे नसते.

मी अडतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि फ्लोरिनबद्दल एक गैरसमज विद्यार्थ्यांच्या डोक्यातून काढायला मला नेहमीच वेळ लागला. कार्बन-फ्लोरिन बंध फार बळकट असतो, सुमारे ४८५ किलोज्यूल प्रति मोल, हे सगळ्यांना पाठ असते. त्यावरून ते समजतात की फ्लोरिनयुक्त रेणू एकमेकांनाही घट्ट धरून ठेवत असतील. वस्तुस्थिती उलटी आहे. फ्लोरिन आपले इलेक्ट्रॉन इतके आवळून धरतो की शेजारच्या रेणूशी देवाणघेवाण करायला त्याच्याजवळ फारसे काही उरत नाही. म्हणून पाण्याचा पृष्ठताण ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर, खाद्यतेलाचा तीस-बत्तीसच्या आसपास, आणि पर्फ्लुरोहेक्झेन या फ्लोरिनयुक्त द्रवाचा जेमतेम १२. असा रेणू पाण्यात रमत नाही आणि तेलातही रमत नाही.

एका उभ्या काचपात्रात हेक्झेन, पाणी आणि पर्फ्लुरोहेक्झेन ओतले, तर तीन थर दिसतात. हेक्झेन वर, पाणी मध्ये आणि पर्फ्लुरोहेक्झेन तळाशी, कारण त्याची घनता पाण्याच्या दीडपटीहून जास्त आहे. तर्री यांच्या वाटीत तर्रीच्या जागी हा द्रव घातला, तर तो बुडाशी जाऊन बसेल.

बेंबळाकाठ ताईंच्या साखळीचे २७० दुवे हायड्रोकार्बनच्या जातीचे आहेत आणि शेपटी तिसऱ्याच जातीची. त्या शेपटीला आपल्यासारखा शेजार फक्त गाभ्याजवळ मिळतो. शिवाय साखळीचा मधला भाग पृष्ठभागावर आणायचा, तर दोन्ही बाजूंच्या साखळीला वळावे लागते. टोकाला तो त्रास निम्माच होतो. त्यामुळे टोके मुळातच कडेला जाण्यास राजी असतात, त्यात फ्लोरिन म्हणजे उताराला लागलेली बंडी.

तर्री | १८ मे, रात्री १०.२१

बुडाशी बसणारी तर्री नागपुरात कोणी खाणार नाही, सर.

कोरडवाहू | १९ मे, सकाळी ६.५०

मी शेतकरी आहे, शिक्षण बारावीपर्यंत. तरी एक विचारतो, चुकले तर सांगावे.

आम्ही सोयाबीन पेरल्यानंतर, उगवण्याच्या आधी, पेंडिमेथॅलिन हे तणनाशक मारतो. पूर्वी ३० टक्के ईसी, म्हणजे पाण्यात मिसळायचे तेलकट द्रावण, मिळायचे. आता ३८.७ टक्के सीएस मिळते आणि कृषी केंद्रवाले सांगतात की त्यात औषध बारीक कॅप्सूलमध्ये असते. पहिल्याचा वास वावरात शिरल्याबरोबर नाकात जायचा आणि पिवळे डाग हातावरून चार-चार दिवस जायचे नाहीत. दुसऱ्याचा वासही कमी आणि डागही कमी. एकरी ७०० मिली टाकतो. त्या कॅप्सूलचे कवचही असेच फ्लोरिनवाले असते काय?

सूक्ष्मदर्शी | १९ मे, सकाळी १०.४०

कोरडवाहू भाऊ, प्रश्न अगदी रास्त आहे. मी नागपूरला रंग आणि लेपांच्या उद्योगात आहे, कीडनाशकांच्या नाही, पण कवचे हा आमचाही विषय आहे.

शेतीतल्या बहुतेक सीएस, म्हणजे कॅप्सूलच्या रूपातल्या, औषधांचे कवच पॉलियुरिया या पॉलिमरचे असते. तेलात आयसोसायनेट विरघळवतात, तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरवतात आणि पाण्यात अमाइन घालतात. दोन्ही थेंबाच्या सीमेवर भेटतात आणि तिथल्या तिथे कवच विणले जाते. ताईंच्या पद्धतीत कवच विणले जात नाही. आधीच तयार असलेले पॉलिमर जागा शोधत सीमेवर जाऊन बसते. हा फरक मोठा आहे. पॉलियुरियाच्या जाळ्याला टोके जवळजवळ नसतातच, सगळे एकमेकांत गुंतलेले असते. त्यामुळे तिथे टोकाच्या गटाने फार काही बिघडत किंवा सुधारत नाही. ताईंच्या कवचात प्रत्येक साखळी सुटी आहे आणि प्रत्येकीला टोक आहे.

तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मात्र गमतीचे आहे. कपाशीवर लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन ४.९ टक्के सीएस हे जे कीटकनाशक मारतात, त्याच्या कवचात नसले तरी आतल्या औषधाच्या रेणूत फ्लोरिन आहे. एका कार्बनवर तीन फ्लोरिन, असा गट त्यात असतो. म्हणजे तिथे फ्लोरिन कुपीत कोंडलेले आहे आणि ताईंच्या कामात ते गाभ्यातही आहे आणि भिंतीच्या टोकालाही.

आता मूळ प्रश्न. मास्तरांचे उत्तर मला मान्य आहे, पण अपुरे वाटते. टोके सीमेवर जातात हे खरे, पण त्याने बिब्ब्याचा गोल कसा होतो? त्यासाठी तीन सीमांचा हिशेब मांडावा लागतो: गाभा आणि पाणी, पॉलिमर आणि पाणी, पॉलिमर आणि गाभा. पहिल्या सीमेचा ताण उरलेल्या दोन ताणांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल, तर पॉलिमर गाभ्यावर पसरतो आणि पूर्ण कवच होते. तो कमी पडला आणि कोणताही एक द्रव दुसऱ्याला पूर्ण गिळू शकला नाही, तर दोघे अर्धे-अर्धे चिकटून राहतात. हा हिशेब टोर्झा आणि मेसन या संशोधकांनी १९७० मध्ये मांडला आणि तो आजही वापरला जातो.

समजण्यापुरते आकडे घेऊ, हे कोणत्याही प्रयोगातले नाहीत. गाभा-पाणी २०, पॉलिमर-पाणी १२, पॉलिमर-गाभा १०. वीस वजा बावीस, म्हणजे उणे दोन. बिब्बा. आता फ्लोरिनच्या शेपट्यांनी पॉलिमर आणि गाभा यांच्यामधला ताण दहावरून सहावर आणला. वीस वजा अठरा, म्हणजे अधिक दोन. पूर्ण कवच. ताण फार बदललेला नाही, पण चिन्ह बदलले आहे. ताई, तुम्हाला दोन वेगळी जगे दिसतात याचे कारण हे असावे. जिथे पारडे जवळजवळ सारखे असते, तिथे एक दाणा टाकला तरी ते झुकते.

जवस | १९ मे, दुपारी ३.०५

मी गणित शिकवते, रसायन मला बेताचेच येते. पण "एवढीशी शेपटी सीमेला पुरणार कशी?" हा बेंबळाकाठ यांच्या मनातला खरा प्रश्न असावा असे वाटले, म्हणून दुपारी कागदावर हिशेब केला.

दहा मायक्रॉन व्यासाची कुपी आणि एक मायक्रॉन जाडीचे कवच धरले. पॉलिमरची घनता १.२५. कवचाचे आकारमान सुमारे २५५ घन मायक्रॉन येते आणि २०,००० रेणुभाराने त्यात साधारण ९६० कोटी साखळ्या बसतात, म्हणजे तेवढीच फ्लोरिनची टोके. कवचाच्या आतल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ २०१ चौरस मायक्रॉन. एका फ्लोरिनयुक्त शेपटीला उभे राहायला ०.२८ चौरस नॅनोमीटर जागा लागते असे धरले, तर पूर्ण पृष्ठ झाकायला सुमारे ७२ कोटी शेपट्या लागतील. आपल्याकडे तेरापट आहेत.

मग कवच पातळ केले. वीस नॅनोमीटर जाडीच्या कवचात प्रत्येक चौरस नॅनोमीटरमागे पाऊण साखळीच येते आणि गरज साडेतीनहून जास्त शेपट्यांची आहे. म्हणजे एक पंचमांश. माझ्या हिशेबाने २०,००० रेणुभाराला पुरवठा आणि गरज सुमारे ९५ नॅनोमीटर जाडीला सारखे होतात. रेणुभार ५,००० केला, तर हीच जाडी २४ नॅनोमीटरवर येते. त्यामुळे फ्लोरिनचे टक्के किती, यापेक्षा कवच किती जाड आहे आणि साखळी किती लांब आहे, हे विचारायला हवे.

बेंबळाकाठ | १९ मे, रात्री ८.४५

जवस ताई, हा हिशेब मला वर्षभरात कोणी करून दाखवला नव्हता आणि मीही केला नव्हता, याची लाज वाटते. वहीत उतरवून घेतला आहे.

निवृत्त_मास्तर | १९ मे, रात्री ९.३०

हिशेब सुरेख आहे. त्यावर दोन हरकती.

पहिली अशी की सगळी टोके सीमेवर पोचतील हे गृहीत धरता येत नाही. साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि डायक्लोरोमिथेन कमी होत गेले की कवच घट्ट होत जाते. शेवटी ते काचेसारखे होते आणि मग आतले टोक आतच अडकते. पॉलिलॅक्टिक आम्ल साधारण ५५ ते ६० अंशांखाली काचेसारखे असते, लहान रेणुभाराचे त्याहून कमी तापमानापर्यंत मऊ राहते. टोकांना हलायला जेवढा वेळ मिळतो, तेवढीच ती सीमेवर जातात.

दुसरी हरकत सूक्ष्मदर्शी यांच्या गणिताला आहे. फ्लोरिनचे टोक आतल्या सीमेचा ताण कमी करते हे त्यांनी धरले, पण बाहेरच्या सीमेचा ताण तसाच ठेवला. बाहेर पाणी आहे. तिथे फ्लोरिन गेले, तर पॉलिमर-पाणी हा ताण वाढेल आणि मिळवलेले सगळे परत जाईल.

सूक्ष्मदर्शी | २० मे, सकाळी ९.१५

मास्तर, दुसऱ्या हरकतीशी मी सहमत नाही. टोक कुठेही जायला मोकळे असताना जिथे ताण वाढतो तिथे ते जाईलच कशाला? ओल्या कुपीत बाहेरच्या बाजूला साखळीचा मधला, ऑक्सिजन असलेला भाग पाण्याकडे तोंड करून राहील आणि फ्लोरिन आत वळेल. शिवाय बाहेर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा थर आहेच.

गडबड होते ती वाळवल्यावर. पाणी गेले आणि हवा आली की बाहेरच्या पृष्ठाला फ्लोरिन हवेहवेसे होते, आणि पॉलिमर थोडेही मऊ असेल तर टोके बाहेर येतात. म्हणून वाळलेल्या भुकटीचे क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमापन करून "बाहेर पुष्कळ फ्लोरिन आहे" असे कोणी लिहिले, तर त्यावरून ओल्या कुपीबद्दल निष्कर्ष काढू नये. ते तंत्र वरच्या पाच-दहा नॅनोमीटरपुरतेच बोलते, आणि तेही निर्वातात.

निवृत्त_मास्तर | २० मे, सकाळी ११.००

हे मान्य. दुसरी हरकत मागे घेतो. पहिली कायम आहे.

पराटी | २० मे, दुपारी १.२०

चर्चा छान चालली आहे, पण एक प्रश्न कोणीच विचारला नाही. ही फ्लोरिनची शेपटी शेवटी जाते कुठे?

मी कृषी पदवीधर आहे आणि २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतमजूर दगावले, ते दिवस मी पाहिले आहेत. त्यामुळे औषध कुपीत बंद करून मजुराच्या अंगाशी लागू न देणारे कोणतेही तंत्र मला हवेच आहे. पण पॉलिलॅक्टिक आम्ल मातीत तुटेल आणि आठ फ्लोरिनयुक्त कार्बनांची शेपटी तुटणार नाही. याच कुळातल्या पीएफओएस या रसायनावर स्टॉकहोम कराराखाली, म्हणजे न तुटणाऱ्या प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, २००९ मध्ये निर्बंध आले, पीएफओए या दुसऱ्यावर २०१९ मध्ये. युरोपातल्या पाच देशांनी २०२३ मध्ये या सगळ्या कुळावरच बंदीचा प्रस्ताव ठेवला. त्याच वर्षी युरोपीय संघाने मुद्दाम घातलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवरही नियम केले आणि त्यात कॅप्सूलचाही विचार आहे.

कुपीचा आकारही निरुपद्रवी नसतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात मिथाइल पॅराथिऑन या कीटकनाशकाच्या कुप्या आल्या, त्या परागकणांएवढ्या होत्या. मधमाश्यांनी त्या परागकणांबरोबर पोळ्यात नेल्या.

बेंबळाकाठ | २० मे, रात्री ९.००

पराटी दादा, हरकत योग्य आहे आणि ती प्रबंधात लिहिणारच आहे. माझे काम मात्र शेतातल्या औषधाचे नाही. गाभ्यात फ्लोरिनयुक्त द्रव असलेल्या कुप्यांचा अभ्यास सोनोग्राफीत रक्तप्रवाह स्पष्ट दिसावा यासाठी होतो, कारण असा द्रव ध्वनीला आसपासच्या ऊतींपेक्षा वेगळा प्रतिसाद देतो. तिथे मात्रा फार थोडी लागते. कुपी पूर्ण गोल, कवच सारखे पातळ, हे तिथे फार महत्त्वाचे. जाड भिंत ध्वनीखाली हलतच नाही. शेपटी आखूड करून पाहावी का, हा प्रश्न तुमच्यामुळे यादीत आला.

कोरडवाहू | २१ मे, सकाळी ६.१५

ताई, पुन्हा एक अडाणी प्रश्न. ते डायक्लोरोमिथेन किती अंशांना उकळते?

निवृत्त_मास्तर | २१ मे, सकाळी ७.४०

३९.६ अंश सेल्सिअस.

कोरडवाहू | २१ मे, सकाळी ७.५५

मग मला एक समजत नाही. आमच्याकडे परवा दुपारी ४५ होते. माझ्या पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. ताईंच्या प्रयोगशाळेत कूलर असला तरी पाणी चाळिसाच्या घरातच असणार. म्हणजे हे औषध उडत नाही, सरळ उकळते. शेवया सावलीत वाळवल्या तर सरळ राहतात आणि रखरखत्या उन्हात टाकल्या तर तडकतात. ताईंच्या कवचाला भोके पडली, ती फ्लोरिनने पडली की उन्हाने? साधा पॉलिमर आणि फ्लोरिनचा पॉलिमर एकाच दिवशी केले होते काय?

तर्री | २१ मे, सकाळी ८.०२

बारावीपर्यंत म्हणे.

बेंबळाकाठ | २१ मे, रात्री १०.१०

उत्तर द्यायला दिवस लावला, कारण आधी वही काढून तारखा पाहिल्या.

साध्या पॉलिमरच्या सगळ्या कुप्या जानेवारीत केल्या आहेत. तेव्हा सकाळी खोलीत १७-१८ अंश होते. फ्लोरिनचे पॉलिमर मार्चमध्ये तयार झाले आणि त्याच्या कुप्या २४ एप्रिल ते १२ मे या काळात, बहुतेक दुपारी केल्या. आमच्या खोलीत वातानुकूलन नाही. वीज गेली की धूरशोषकही बंद पडतो आणि तेवढ्या वेळात घुसळणेही थांबते. पाण्याचे तापमान मी एकदाही लिहिलेले नाही.

कोरडवाहू भाऊ, तुमचा प्रश्न अडाणी नव्हता.

सूक्ष्मदर्शी | २२ मे, सकाळी ९.३०

असे सगळ्यांचे होते. आमच्याकडे एका लेपाचे फुगे आम्ही तीन महिने नव्या कच्च्या मालाच्या माथी मारत होतो आणि शेवटी दोष कोठीच्या पत्र्याचा निघाला.

आता एकाच सकाळी दोन्ही पॉलिमर घ्या, २० अंशांच्या पाण्यात. मग त्याच दोन्हींचा एक-एक घाणा मुद्दाम ४० अंशांवर करा. चारही घाण्यांत घुसळण्याचा वेग आणि वेळ एकच ठेवा. निकाल दोन ओळी आणि दोन रकान्यांच्या तक्त्यात मांडा, एका ओळीत एक तापमान: फ्लोरिनचा परिणाम आडव्या ओळीत दिसेल आणि उष्णतेचा उभ्या. धूरशोषक चालू असल्याशिवाय ४० अंशांचा घाणा लावू नका, ती वाफ श्वासात जाऊ देण्यासारखी नाही.

बेंबळाकाठ | १ जून, रात्री ९.२०

चारही घाणे झाले. पहाटे साडेचारला वडिलांच्या गाडीवर निघाले आणि सहाला घुसळणे सुरू केले. बर्फ गावातल्या रसवंतीवाल्याकडून घेतला. तापमापी पूर्ण वेळ पाण्यात होती.

वीस अंशांवर साध्या पॉलिमरचे पुन्हा बिब्बेच झाले. फ्लोरिनच्या पॉलिमरमध्ये बहुतेक कुप्यांत गाभा आत आणि कवच चहूबाजूंनी, आणि भोके नाहीत. काही कुप्यांत गाभा किंचित एका अंगाला सरकलेला आहे, म्हणजे भिंत एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ, पण उघडी कुठेच नाही.

चाळीस अंशांवर दोन्ही पॉलिमरना खड्डे आणि भोके पडली. साध्या पॉलिमरमध्ये तर आणखी एक गोष्ट दिसली. एकच मोठा थेंब बाजूला जाण्याऐवजी पॉलिमरच्या गोळ्यात ठिकठिकाणी बारीक थेंब अडकून पडले होते, सीताफळात बिया असतात तसे.

म्हणजे गाभा आत राहणे हे फ्लोरिनचे काम आणि भोके उष्णतेची. माझ्या मसुद्यात मी दोन्हीचे श्रेय फ्लोरिनला दिले होते. तो परिच्छेद काल खोडला.

निवृत्त_मास्तर | १ जून, रात्री १०.००

सीताफळाचे निरीक्षण मोलाचे आहे. माझी पहिली हरकत तीच होती. द्रावक झपाट्याने गेला, तर बारीक थेंबांना एकत्र यायला वेळ मिळत नाही आणि कवच गोठते. सूक्ष्मदर्शी यांचा तीन ताणांचा हिशेब शेवटी काय व्हावे हे सांगतो. तिथवर पोचायला सवड मिळाली का, ते सांगत नाही.

सूक्ष्मदर्शी | २ जून, सकाळी ९.१०

मान्य. एकास एक, बरोबरी झाली.

जवस | २ जून, दुपारी २.४०

एक शंका. माझ्या हिशेबात प्रत्येक साखळीला एक फ्लोरिनचे टोक आहे असे धरले होते. ते खरेच आहे, हे तुम्ही तपासले आहे का? निम्म्याच साखळ्यांना असेल, तर ९५ नॅनोमीटरचे १९० होतील.

निवृत्त_मास्तर | २ जून, सायंकाळी ६.३०

जवस बाईंनी वर्मावर बोट ठेवले. लॅक्टाइडपासून, म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या जोडीच्या कड्यापासून, साखळी वाढवताना फ्लोरिनयुक्त अल्कोहोल हे तिचे पहिले टोक असते. पण भांड्यात पाण्याचा अंश असला, तर पाणीही साखळ्या सुरू करते, आणि त्या साखळ्यांना फ्लोरिनचे टोक नसते, आम्लाचे असते. रेणुभार जवळपास तसाच दिसू शकतो, त्यामुळे नुसत्या रेणुभारावरून हे कळत नाही. प्रोटॉन आणि फ्लोरिन या दोन्हींचे एनएमआर, म्हणजे चुंबकीय अनुनादाचे वर्णपट, करून टोके आणि दुवे यांचे गुणोत्तर पाहावे लागते. फ्लोरिनच्या वर्णपटात शेवटच्या तीन फ्लोरिनांची खूण उणे ८१ पीपीएमच्या आसपास येते.

तुमचे फ्लोरिनचे पॉलिमर मार्चमध्ये झाले, तेव्हा हवा कोरडी होती, हे नशीब. पुढचे ५,००० रेणुभाराचे पॉलिमर तुम्ही कधी करणार आहात?

बेंबळाकाठ | २ जून, रात्री ९.०५

जुलैत करायचे ठरले होते.

कोरडवाहू | २ जून, रात्री ९.१२

जुलैत आमच्या घरात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, ताई.

बेंबळाकाठ | ४ जून, रात्री ८.३०

एनएमआरसाठी नमुने नागपूरला पाठवले आहेत. छोट्या साखळीचे पॉलिमर आता मृगाच्या आत करायचे ठरले आहे, मार्गदर्शक तयार झाले. काल संध्याकाळी लॅक्टाइडची बाटली डेसिकेटर या हवाबंद, कोरड्या भांड्यात ठेवली, तेव्हा तळातले सिलिका जेल निळे होते. आज सकाळी पाहिले, तर काठाचे दाणे गुलाबी झाले आहेत. झाकणाच्या कडेला ग्रीस कमी पडले असावे; ते पुसून नवे लावले आणि जेल भट्टीत भाजायला टाकले आहे.